गोकाकच्या सहलीला निघण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

जीवाश्म मंडळात नाव घातलंस आणि रविवारी त्यांच्याबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला निघणार आहेस, हे कळलं. सोबत काय घेऊ, असं विचारलंस. टोपी, पाणी, भिंग, जुने पेपर, ही यादी मंडळातलं कुणीही देईल. कुठं बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, तेवढं मी सांगतो.

डायनासोरची आशा सोडूनच गाडीत चढ. बेळगावखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात शोधत बसून काही हाती लागत नाही. खानापूरकडच्या जांभ्यातही नाही. पण लाव्हा एका दमात आला नव्हता. दोन लोटांच्या मधल्या काळात सखल जागी तळी साठली, गाळ बसला, त्यात गोगलगायी नांदल्या आणि मग पुढच्या लोटानं सगळं गाडून टाकलं. आपल्याला हवा तो हा मधला थर. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1876 च्या अहवालात गोकाक भागातल्या अशा थरांची नोंद करून ठेवली आहे.

नवखी पोरं हा थर गाठायला कड्याशी झुंजतात. तू विहिरी शोध. उन्हाळ्यात विहीर खोदली की उपसा शेजारीच ढिगानं पडतो आणि पावसाळ्यात धुऊन निघतो. त्यात काळ्या दगडाबरोबर फिकट, चिकट माती किंवा गारेचा तुकतुकीत दगड दिसला, की तिथं बसायचं. विहीर खोदणाऱ्या गड्याला विचार, ‘पाषाण संपून माती किती हातांवर लागली?’ त्याला ते पक्कं ठाऊक असतं, कारण तिथं त्याचे कष्ट हलके झालेले असतात. गोकाकच्या बाजूला कन्नड बोलणारा एक जण पुढं ठेव आणि शेताच्या धन्याला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नकोस. बिनविचारता शिरलेल्या एकामुळं सगळ्या मंडळाला तो गाव बंद होतो.

गारेच्या दगडात बोटाच्या पेराएवढा शंख दिसला, तर टोक वर आणि तोंड आपल्याकडं करून धर. बहुतेक गोगलगायींचं तोंड उजव्या अंगाला येतं. डाव्या अंगाला आलं, तर तो फायसा नावाच्या गोगलगायीचा असण्याचा संभव मोठा. दख्खनच्या या तळ्यांतली ती नेहमीची रहिवासी. दगड आधी ओला कर, कोरड्यावर वळसे दिसत नाहीत.

माती मात्र घरी आण, किलोभर पुरे. उन्हात खडखडीत वाळव, मगच पाण्यात टाक. ओली माती भिजवलीस तर गोळा तसाच राहतो, वाळलेली आपोआप विरघळते. बारीक चाळणीतून धू आणि उरलेला चाळ भिंगाखाली बघ. मोहरीहून लहान, अंगावर पीळ असलेले गोल दाणे म्हणजे तळ्यातल्या कारा शेवाळाची फळं. (चाळणी स्वतःची विकत घे. स्वयंपाकघरातली नेलीस तर पुढची सहल आईच्या परवानगीवर राहील.)

फसवणारे दगडही पुष्कळ. नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी बहुधा मँगनीजची असते, वनस्पतीशी तिचा संबंध नाही. पदर सुटत जाणारा गोल धोंडा अंडं नव्हे, तो झिजलेला काळा पाषाणच. गोकाकच्या धबधब्याच्या कड्यातला वालुकाश्म लाव्ह्याहून कितीतरी जुना; त्यावरच्या समांतर लाटा पाण्यानं उमटवल्या आहेत, कुठल्या प्राण्यानं नाहीत.

पुढंमागं मंडळ बागलकोट जिल्ह्यातल्या लोकापूरला नेईल. तिथल्या चुनखडकात पालथ्या वाट्यांची चळत असावी तशा रेषा दिसतील. सूक्ष्म जीवांच्या थरांवर गाळ धरत गेला, त्यातून हे स्ट्रोमॅटोलाइट झाले, शंभर कोटी वर्षांहून जुने. तिथं हातोडी चालवायची नाही, कुणी कितीही म्हणो. तुकडा तोडला की वरखाली कळत नाही. वाढताना वाटीची फुगीर बाजू आभाळाकडं असते, म्हणून जागेवर मात्र उलथलेला थरसुद्धा ओळखता येतो. फोटो घे, शेजारी पट्टी ठेवून.

हाडाचं प्रकरण आणखी वेगळं. फूट यांना गोकाकजवळ गेंड्याचे अवशेष मिळाले आणि 1874 मध्ये त्यांनी त्याला ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस हे नाव दिलं. ते कातळात नव्हते, नाल्याकाठच्या मातीत होते. म्हणून नाल्याची दरड उतरताना नजर तिच्या अंगावर ठेव. जुनं, सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. ही परीक्षा सुट्या पडलेल्या तुकड्यावर कर. दरडीत रुतलेलं असेल तर उपसू नकोस. फोटो, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश आणि वरून किती हात खाली ते लिहून घे आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळव. मंडळातले हौशी लोक ‘पावसात वाहून जाईल’ म्हणून घाई करतील. गेलं तर गेलं. उकरून त्याचे चार तुकडे करण्यापेक्षा ते परवडलं.

उचललेल्या प्रत्येक दगडावर तिथल्या तिथंच नंबर घाल, तोच वहीत घाल. संध्याकाळी गाडीत बसून लिहू म्हणणाऱ्यांच्या पिशव्या मी पाहिल्या आहेत. शंख उत्तम, पण कुठल्या विहिरीचा ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मग ते शोकेसमध्ये जातात.

वही जाड पुठ्ठ्याची घे आणि पेन नको, पेन्सिल घे; घामानं शाई पसरते.