ऑडिशन छान होऊनही भूमिका का मिळत नाही? हौशी नाटकात निवड आधीच ठरलेली असते का?

तुम्ही लिहिलंय की दीड पानाचं स्वगत पाठ करून गेलात, टाळ्याही पडल्या, आणि भूमिका मात्र संस्थेतल्या जुन्याच बाईंना मिळाली. मग हे सगळं आधीच ठरलेलं असतं का?

कधीकधी असतं, खोटं कशाला बोलू! मी बरीच वर्षं एका हौशी संस्थेत नाटकं बसवतेय. काही वेळा नाटक निवडतानाच एखादा नट डोळ्यांपुढे असतो, तो नसेल तर ते नाटक करण्यातच अर्थ नसतो. यात गैर काही नाही. गैर आहे ते भरलेल्या भूमिकेसाठी लोकांना ताटकळत बसवणं. म्हणून 'खरोखर रिकाम्या भूमिका कुठल्या?' हे आधीच बिनधास्त विचारा. ज्यांना हा प्रश्न झोंबतो, त्यांच्याकडे न गेलेलंच बरं.

पण बहुतेक वेळा तसं नसतं. टेबलाच्या या बाजूला बसलं की एकेक नट सुटा दिसतच नाही. मला बाप-लेक हवे असतात, दोन बहिणी हव्या असतात. बाप उत्तम मिळाला आणि उत्तम लेक त्याच्या शेजारी त्याच्याच वयाची दिसायला लागली, की दोघांतलं एक गळतं. गळणाऱ्याला वाटतं, आपण कमी पडलो.

स्वगतावरून मला आवाज आणि उच्चार कळतात, बास. ते घरी महिनाभर घोटलेलं असतं. माणूस कळतो तो जोडीने वाचताना. मागच्या नाटकाच्या वेळी एका मुलीने "बाबा, तुम्ही गेला होतात तिथे?" हे वाक्य असं टाकलं की खोली गप्प झाली. पण 'बाबा' उत्तर देत होते तेव्हा तिचं बोट कागदावर तिच्या पुढच्या वाक्याखाली सरकलेलं होतं. दुसरी दोनदा अडखळली. मध्येच समोरच्याची पान उलटताना ओळ हरवली, तो थांबला, तर ही नुसती त्याच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली. मी तिच्या नावापुढे 'ऐकते' एवढंच लिहिलं. मग दोघींना एकच सूचना दिली: यातला राग काढा, दमून म्हणा. पहिलीने तोच सूर हळू आवाजात लावला. दुसरीच्या तोंडी ते वाक्यच निराळं झालं. भूमिका तिला दिली. पुढचे दोन महिने तालमीत मी दुसरं काय करणार असते? सूचनाच देणार.

आणखी एक रुक्ष कारण म्हणजे तारखा. हौशी नट नोकरी, परीक्षा, घरची आजारपणं सांभाळून येतात. मुख्य नट तालमीला नसला की बाकीचे पाच जण रिकाम्या खुर्चीशी संवाद म्हणतात. जुन्यांनाच पुन्हा पुन्हा घेतात त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं: ते येतात, हे माहीत असतं. तेव्हा ऑडिशनच्या अर्जातला 'कधी जमणार नाही' हा रकाना खरा भरा. आधी कळलं तर तालमींचं वेळापत्रक तसं लावता येतं, तिसऱ्या आठवड्यात कळलं तर नाही.

तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही, हेही कबूल करते. एकदा एका ज्येष्ठ सभासदांना 'नाही' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पाठांतर त्यांना झेपेना, आणि प्रयोगात विंगेतून विसरलेल्या ओळी सांगणारा प्रॉम्प्टर तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला. शरमिंदे झाले ते. चूक माझी होती.

पुढच्या खेपेला सगळी संहिता वाचून जा, फक्त आपला प्रवेश नको. 'दुसरी भूमिका चालेल का?' याला खरंच चालत असेल तरच हो लिहा; हो लिहून तालमीत तोंड पाडून बसणारा सगळ्यांना जड जातो. नाहीच घेतलं तर प्रॉम्प्टिंग मागून घ्या. कुणी आजारी पडलं की सगळ्या ओळी माहीत असलेला तोच असतो. आमच्याकडे एक जण तसाच रंगमंचावर आला, हातात वही घेऊन.

आणि निकालाच्या रात्री फोन नको. चार दिवस जाऊ द्या, मग विचारा, "माझ्या वाचनात तुम्हाला काय दिसलं नाही?" मला हे आजवर दोघांनीच विचारलं. दोघांनाही मी माझी वही उघडून दाखवली.