डाय, पॅटर्न की साचा? कस्टम्सच्या वर्गीकरणात करिअर

पत्र: "मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचं पॅटर्न शॉप (वाळूत साच्याची पोकळी उठवणारे नमुने बनवण्याचं दुकान) असल्याने फाउंड्रीचं काम तो लहानपणापासून बघतोय. तो इनप्लांट ट्रेनिंगला होता त्या कारखान्याची अॅल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंगची आयात केलेली डाय न्हावा शेवाला अडकली. एजंटने ती ८२०७ मध्ये दाखवली होती, कस्टम्स म्हणालं ८४८०. तेव्हापासून त्याला या एचएस कोडच्या (आयात-निर्यातीच्या मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आकड्यांच्या) कामात रस वाटतोय. नातेवाईक म्हणतात ही कारकुनी आहे, उद्या कॉम्प्युटर करेल. त्याने काय करावं?" – एक पालक, हातकणंगले

उत्तर:

कस्टम्सचं म्हणणं बरोबर होतं. ते का बरोबर होतं, हे तुमच्या मुलाला कागद न बघताही सांगता यायला हवं, कारण उत्तर शॉप फ्लोअरवरच आहे. ८२०७ हे हत्यारांचं हेडिंग, म्हणजे कस्टम्स टॅरिफमधला चार आकडी गट; त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण. शीट मेटलची प्रेस डाय किंवा ड्रॉप फोर्जिंगची डाय धातूला निव्वळ ठोक्याने किंवा दाबाने आकार देते, म्हणून ती ८२०७.३० मध्ये जाते. तार ओढण्याची आणि एक्स्ट्रूजनची डाय ८२०७.२० मध्ये. ८४८० मधला साचा मात्र वितळलेला धातू थिजेपर्यंत ठरलेल्या आकारात धरून ठेवतो. प्रेशर डाय कास्टिंगमध्ये दाब असतो, पण आकार येतो तो धातू पोकळीत थिजल्यामुळे. कारखान्यात दोन्हींना 'डाय'च म्हणतात, इनव्हॉइसवरही तेवढंच लिहून येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

म्हणून 'कॉम्प्युटर करेल' हे मला पटत नाही. सॉफ्टवेअर वर्णनातल्या शब्दांवर कोड सुचवतं. शब्दच दोन्हीकडे नेणारा असेल, तर यंत्रात नेमकं काय घडतं हे विचारणारा माणूस लागतोच.

८४८० च्या आतही वेगवेगळे कप्पे आहेत. वाळूच्या साच्यासाठीच्या मोल्डिंग बॉक्स ८४८०.१०, मोल्ड बेस (साच्याच्या तळाची प्लेट) ८४८०.२०, पॅटर्न ८४८०.३०. तुमच्या दुकानात बनणारे लाकडी पॅटर्न आणि कोअर बॉक्स (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा बनवण्याची पेटी) याच ८४८०.३० चे, लाकडाचे असले तरी ते लाकडाच्या प्रकरणात जात नाहीत. धातूसाठीच्या साच्यांपैकी इंजेक्शन किंवा कॉम्प्रेशन प्रकारचे ८४८०.४१ मध्ये, त्यात प्रेशर डाय कास्टिंग आलं. ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगचा, म्हणजे धातू दाबाविना स्वतःच्या वजनाने भरतो तो साचा ८४८०.४९. इनगॉट मोल्ड (धातूच्या लाद्या ओतण्याचे साचे) मात्र ८४८० मधून स्पष्ट शब्दांत वगळलेत. ते लेडलसोबत (वितळलेला धातू वाहून ओतण्याच्या भांड्यासोबत) ८४५४.२० मध्ये जातात आणि कास्टिंगचं मशीन ८४५४.३० मध्ये. साचा मशीनवर बसतो म्हणून त्याला मशीनचा पार्ट ठरवून ८४५४.९० मध्ये टाकणं ही नेहमीची चूक. टॅरिफच्या सोळाव्या विभागाची (८४ आणि ८५ ही प्रकरणं याच विभागात येतात) टीप २ सांगते, की ज्या वस्तूला ८४ किंवा ८५ व्या प्रकरणात स्वतःचं हेडिंग आहे ती त्याच हेडिंगमध्ये जाते.

आता अडचणीच्या जागा. साचा ग्राफाइटचा असेल तर तो ८४८० चा राहत नाही. ८४ व्या प्रकरणाची पहिलीच टीप ६८ व्या प्रकरणातल्या वस्तू बाहेर काढते, त्यामुळे असा साचा ६८१५ मध्ये जातो. सिरॅमिकचा असेल तर ६९ वं प्रकरण बघायचं. लॉस्ट फोम कास्टिंगसाठी (यात पॅटर्न वितळलेल्या धातूच्या उष्णतेने नाहीसा होतो) थर्माकोलचे पॅटर्न बनवणारा अॅल्युमिनियमचा साचा फाउंड्रीत वापरला जातो, पण त्यात भरतात प्लॅस्टिक, म्हणून तो धातूच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या साच्यांत, ८४८०.७१ किंवा ८४८०.७९ मध्ये. साचा कशाचा बनलाय आणि त्यात काय ओततात, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी वेगळे विचारायचे.

एच१३ या डाय बनवण्याच्या पोलादाचा नुसता कापलेला ब्लॉक आला तर तो पोलादच, ७२ वं प्रकरण. त्याच ब्लॉकमध्ये कॅव्हिटी (साच्याची पोकळी) खोदलेली असेल, फक्त फिनिशिंग आणि हीट ट्रीटमेंट बाकी असेल, तर टॅरिफ कसं वाचायचं हे सांगणाऱ्या सामान्य अर्थनियमांपैकी २(अ) नुसार तो अपूर्ण असला तरी साचाच. या दोन टोकांच्या मधला, थोडंसं रफिंग (ओबडधोबड कापकाम) झालेला ब्लॉक हा खरा वादाचा विषय. इथे ड्रॉइंग वाचता येणाऱ्या माणसाची किंमत कळते.

काम कोड लिहून संपत नाही. २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड बरोबर देण्याची पहिली जबाबदारी आयातदारावर. चुकल्यास कस्टम्स कायद्याच्या कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन शुल्क मागता येतं. माहिती दडवली किंवा जाणूनबुजून चुकीची दिली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. आधीच खात्री हवी असेल तर कस्टम्सच्या अॅडव्हान्स रुलिंग (आगाऊ निर्णय) प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. मूल्याचीही एक बाजू आहे. आपल्या कंपनीने परदेशी पुरवठादाराला साचा फुकट दिला आणि त्यातून निघालेली कास्टिंग्ज आयात केली, तर २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १० नुसार साच्याच्या किमतीचा योग्य हिस्सा कास्टिंगच्या मूल्यात धरावा लागतो. हे राहून गेलेलं ऑडिटमध्ये हमखास सापडतं.

आता मार्गाचं बोलू. नुसत्या डिप्लोमावर हे करिअर अर्ध्यावर अडेल. कस्टम्स ब्रोकर म्हणजे आयातदाराच्या वतीने माल सोडवणारा एजंट. २०१८ च्या कस्टम्स ब्रोकर नियमांनुसार लायसन्सच्या परीक्षेला बसायला पदवी लागते, आणि सोबत ठरावीक व्यावसायिक पात्रता किंवा जी कार्डधारक (खात्याची परीक्षा पास झालेला ब्रोकरचा कर्मचारी) म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव. कस्टम्समध्ये प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर किंवा एक्झामिनर व्हायचं तर स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेलाही पदवी हवीच. आयात-निर्यात करणाऱ्या कंपनीच्या एक्झिम विभागात नोकरीला लायसन्स लागत नाही, पण तिथेही वरच्या जागांसाठी पदवी बघतात.

तेव्हा घरची परिस्थिती झेपणारी असेल तर त्याने डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा. मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा मेटलर्जी, यांपैकी कुठलीही शाखा चालेल. लगेच कमावणं गरजेचं असेल तर त्याने एखाद्या कस्टम्स ब्रोकरकडे एच कार्डवर (ती परीक्षा अजून न दिलेल्या कर्मचाऱ्याच्या कार्डवर) लागावं, खात्याची परीक्षा देऊन जी कार्ड घ्यावं आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करावी. हा रस्ता लांबचा आहे, कमी दर्जाचा नाही. ब्रोकर निवडताना मशिनरी आणि टूलिंगचं काम करणारा निवडावा. नुसती कागदं पोहोचवायला लावणाऱ्याकडे तीन वर्षं काढली तरी त्याच्या हाती फारसं लागणार नाही.

सुट्टीत त्याने एवढं करावं: कस्टम्स टॅरिफमधले सहा सामान्य अर्थनियम, सोळाव्या विभागाच्या टिपा आणि ८२, ८४ प्रकरणांच्या टिपा मुळातून वाचाव्यात, इंग्रजी जड गेलं तरी गाइड वापरू नये. मग तुमच्याच दुकानातल्या आणि ओळखीच्या फाउंड्रीतल्या पाच वस्तू घ्याव्यात: पॅटर्न, कोअर बॉक्स, मोल्डिंग बॉक्स, ग्रॅव्हिटी डाय आणि लेडल. प्रत्येकीवर एक पान लिहावं. वस्तू कशाची, तिच्यात काय घडतं, कुठल्या मशीनला लागते, कुठलं हेडिंग लागू पडतं आणि शेजारचं का नाही. त्यातलं 'शेजारचं का नाही' हे सर्वांत सविस्तर असावं, कारण कस्टम्सची क्वेरी आली की उत्तर त्याचंच द्यावं लागतं. शेवटी बिल ऑफ एंट्रीवर (आयातीच्या मालाची कस्टम्सकडे द्यायच्या नोंदीच्या कागदावर) जाईल असं वर्णनही लिहावं. 'डाय, १ नग' असं नको. 'अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या ग्रॅव्हिटी कास्टिंगसाठी पोलादी साचा, दोन भागांचा, दोन कॅव्हिटी, नवीन' असं हवं. 'नवीन' हा शब्द विसरू नये, कारण वापरलेला साचा असेल तर चार्टर्ड इंजिनिअरचा तपासणी अहवाल मागितला जातो. ही पाच पानं नोकरीच्या मुलाखतीला सोबत न्यावीत.