ज्वारी, जोंधळा आणि वाचनालयाची विषयसूची

प्रश्न : आमच्या वाचनालयातील शेतीविषयक पुस्तकांची सूची आम्ही संगणकावर करीत आहोत. विषयाच्या रकान्यात कुणी ‘ज्वारी’ लिहिले आहे, कुणी ‘जोंधळा’, कुणी ‘मालदांडी’, तर कुणी नुसते ‘धान्य’. त्यामुळे एका शब्दाने शोधल्यास बाकीची पुस्तके सापडत नाहीत. सगळीकडे ‘ज्वारी’ करून इतर शब्द काढून टाकावेत का?
– एक ग्रंथपाल, सोलापूर जिल्हा

उत्तर : कृपया काढू नका. आपण दिलेले चार शब्द एकाच जातीचे नाहीत. थिसॉरस, म्हणजे विषयसंज्ञा व त्यांची परस्पर नाती मांडणारा कोश, कसा रचावा हे सांगणाऱ्या आयएसओ २५९६४ या आंतरराष्ट्रीय मानकात (पहिला भाग २०११, दुसरा २०१३) सूचीचा एकक शब्द नसून संकल्पना आहे. प्रत्येक संकल्पनेसाठी एक प्रमाण संज्ञा ठरवायची आणि तिचे पर्याय ‘पाहा’ अशा निर्देशासह जपून ठेवायचे. म्हणून ‘जोंधळा : ज्वारी पाहा’ अशी नोंद हवी, म्हणजे जोंधळा शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परतणार नाही.

‘धान्य’ मात्र ज्वारीचा पर्याय नव्हे, ती व्यापक संज्ञा आहे, आणि ‘मालदांडी’ हे ज्वारीचे एक वाण असल्याने ती संकुचित संज्ञा ठरते. हे तिन्ही एकत्र केलेत, तर केवळ मालदांडीवरचे पुस्तक हवे असणाऱ्याला ज्वारीचा अख्खा ढीग उपसावा लागेल. उतरंड लावताना एक कसोटी पुरते : खालची प्रत्येक गोष्ट वरच्या गोष्टीचा प्रकार आहे का? ठिबक सिंचन हा सिंचनाचा प्रकार आहे. उसाचा नाही, मग उसाला कितीही ठिबक लावलेले असो. तिथे ‘संबंधित संज्ञा’ एवढेच नाते नोंदवावे. एकाच शब्दाचे दोन अर्थ असतील, तर कंसात खुलासा करावा : पाट (कालवा), पाट (बैठक).

संगणकावर ही नाती साध्या तक्त्यात न अडकवता स्कॉस (SKOS) या, संकल्पना व त्यांची नाती संगणकाला कळतील अशी नोंदवण्याच्या नमुन्यात ठेवता आली, तर फार बरे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २००९ मध्ये शिफारस केलेल्या या नमुन्यात प्रत्येक संकल्पनेला स्वतंत्र कायमचा पत्ता मिळतो, म्हणून पुढे प्रमाण संज्ञा बदलली तरी पुस्तकांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ‘अ‍ॅग्रोव्होक’ हा बहुभाषिक कृषी थिसॉरसही याच नमुन्यात उपलब्ध आहे. आपल्या संज्ञा त्यातील संकल्पनांशी जोडून घ्याव्यात. सुरुवात पिकांपासून करा आणि ज्या संज्ञेवर मतभेद झाला, तिच्यापाशी निर्णयाचे कारण व तारीख टीप म्हणून अवश्य लिहा.