फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा चौक ही एकच जागा आहे का? कारंजं पाडून तिथे स्मारक बांधलं का?

जागा एकच, आणि कारंजं कोणी पाडलेलं नाही. ते जिथल्या तिथे आहे, स्मारक त्याच्या लगत उभं आहे. तुमचा गोंधळ मात्र साहजिक आहे. फोर्टमध्ये नोकरीला लागलो तेव्हा पहिले काही महिने मीही फ्लोराच्या पुतळ्यालाच हुतात्म्यांचं स्मारक समजत होतो. रोज त्याच्यासमोरून जायचो, पण मान वर करून बघतो कोण?

चौकाची गोष्ट कारंज्याच्याही आधी सुरू होते. आज ज्याला आपण फोर्ट म्हणतो तिथे खरोखरच तटबंदी होती. जुनी माणसं त्या भागाला 'कोट' म्हणत. तटाला तीन मोठे दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्चगेट. चर्चगेट होता तो नेमका या चौकात. जवळ पवनचक्की होती म्हणून मराठी लोक त्याला पवनचक्की दरवाजा म्हणायचे. 'चर्च' कुठलं, तर १७१८ साली सुरू झालेलं सेंट थॉमस, हॉर्निमन सर्कलजवळचं. चर्चगेट स्टेशनवर उतरून वीर नरिमन रोडने पूर्वेकडे चालत निघा. दहा-एक मिनिटांत फाउंटन येतं, तिथे गेट होतं. तसेच सरळ पुढे जा, चर्च लागतं. म्हणजे स्टेशनला नाव ज्या दरवाजाचं, तो दरवाजा स्टेशनपाशी कधी नव्हताच.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत तट पाडले गेले आणि दरवाजाच्या जागी १८६४ साली कारंजं आलं. खरं तर ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी करायचं ठरलं होतं. फ्लोरा, म्हणजे फुलांची रोमन देवता, चौकात काय करतेय, याचं उत्तर इथे आहे: ती बागेसाठीच निघाली होती. नावही फ्रिअरचं द्यायचं चाललं होतं, ते मागे पडलं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड. खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले.

आता हुतात्मा हे नाव. मुंबईसह मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं म्हणून झालेल्या संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातले हे हुतात्मे. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्यात गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला होता. त्यावर तोडगा म्हणून काँग्रेसने त्रिराज्य योजना पुढे केली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर दोघांपासून वेगळं. मराठी माणूस भडकला तो या तिसऱ्या कलमावर. २१ नोव्हेंबर १९५५ ला संप झाला, विधिमंडळावर मोर्चा निघाला. तेव्हाचं विधिमंडळ नरिमन पॉइंटला नव्हतं, रीगल सिनेमाजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. आज त्या इमारतीत पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. गिरणगावातून चालत आलेला माणूस तिकडे जायचा तर वाटेत फाउंटन लागणारच. पोलिसांनी मोर्चा तिथे अडवला. लाठ्या, अश्रुधूर आणि मग गोळीबार. त्या दिवशी १५ जण गेले. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई.

इथे एक गैरसमज हमखास दिसतो, की १०६ हुतात्मे याच चौकात पडले. तसं नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा शहरभर पुन्हा गोळीबार झाले आणि बळींची मोठी संख्या त्या दिवसांतली आहे. १०६ हा आकडा सगळ्या आंदोलनाचा आहे. (जुन्या भाषणांत १०५ ऐकाल, कुठे १०७ वाचाल.) या चौकाला मान मिळाला तो पहिलं मोठं रक्त इथे सांडलं म्हणून.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि पुढच्या काही वर्षांत इथे स्मारक उभं राहिलं. शेतकरी आणि कामगार, दोघांच्या हातात मिळून एक मशाल. सरकारी स्मारकांत सहसा एखादा नेता चौथऱ्यावर चढलेला असतो. इथे नेता नाही, हे मला फार आवडतं. एकदा रविवारी सकाळी रहदारी नसताना जा आणि तिथे कोरलेली नावं वाचा. आडनावं वाचता वाचता कळतं की हे गिरणीतले, चाळीतले लोक होते.

कारंज्याचे हाल मध्ये बरेच झाले. चांगल्या दगडावर वर्षानुवर्षं पांढरा ऑइलपेंट फासला गेला, पाणी बंद पडलं. मग दुरुस्ती निघाली, रंगाचे थर काढले आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजं पुन्हा वाहू लागलं. त्या कामात आजूबाजूला खणताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. रूळ उपटून न नेता वर डांबर ओतलं होतं, त्यामुळे अर्धशतकभर आम्ही सगळे त्यांच्यावरून चालत होतो.

आता खालून मेट्रो जाते आणि स्टेशनचं नाव हुतात्मा चौक आहे. त्याच मार्गावर वरळीला आचार्य अत्रे चौक आहे, तेही याच लढ्यातले. बसमध्ये मात्र मी अजून 'एक फाउंटन' असंच तिकीट मागतो आणि कंडक्टरने आजवर कधी 'कुठलं?' म्हणून विचारलेलं नाही.