आधी ते प्रकरण वाच

प्रिय मुली,

तुझा मेल रात्री साडेअकराला आला. 'मी चुकीच्या जागी तर नाही ना?' असं तू त्यात तीनदा विचारलंस आणि जाता जाता लिहिलंस, 'एका मुलाचं प्रबंधाचं प्रकरण टेबलावर तीन आठवडे पडलंय.' मी तिथेच अडकलो. आधी ते प्रकरण वाच.

प्राध्यापकी सोडू की राहू, हे नंतर बघू. तू वैतागली आहेस ते खरं आहे. अनुदानाच्या अर्जावर महिना महिना खपायचं आणि दोन ओळींचा नकार घ्यायचा, यात थोर काही नाही. निनावी परीक्षकाने निबंध न वाचताच शेरा मारलाय हे कळलं की अंगाचा तिळपापड होतो. माझा अजूनही होतो.

पण एच-इंडेक्सचं रडगाणं माझ्यापुढे नको. तुझा सहा म्हणजे तुझ्या सहा निबंधांचा प्रत्येकी निदान सहा वेळा कुणी ना कुणी संदर्भ दिलाय, एवढंच. 2005 मध्ये ही मोजपट्टी काढणाऱ्या हिर्श यांनाच पुढे तिच्या दुष्परिणामांची खंत वाटली. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांना 2013 मध्ये नोबेल मिळालं, ते 1964 च्या कामासाठी. नोबेलच्याच वर्षी ते म्हणाले होते की माझं काम संख्येने पुरेसं ठरलं नसतं, आजच्या विद्यापीठांत मला कुणी नोकरी दिली नसती. तू हिग्ज नाहीस, मीही नाही. त्या आकड्यात तुझ्या टेबलावरचं प्रकरण कुठेच येत नाही, म्हणून तो मला मोठा वाटत नाही.

माझ्याकडे एक मुलगी होती. मी तेव्हा विभागप्रमुख, त्यात अभ्यासक्रम समितीचा अध्यक्ष, समितीच्या अहवालात बुडालेला. तिचं तिसरं प्रकरण चार महिने माझ्या खणात होतं. दर सोमवारी ती दारात उभी राहायची आणि मी म्हणायचो, 'या आठवड्यात नक्की.' मग ती यायची थांबली. प्रकरण उघडलं तर चौदाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'सर, इथे मी अडकले आहे.' दहा मिनिटांत सुटणारी गाठ होती गं. तिने संशोधन सोडलं. समितीचा तो अहवाल माझ्यानंतरच्या प्रमुखांनी वर्षभरात बासनात बांधला.

तेव्हापासून कुणाचंही लिखाण माझ्याकडे सात दिवसांवर राहत नाही. सहकारी मला 'प्रूफरीडर' म्हणतात. म्हणोत. माझी बढती दोनदा हुकली ती या वाचण्यापायीच, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, आळसापायी. थोडं तिचंही खरं असेल, पण वाचण्यात गेलेले तास मला कधी वाया गेलेले वाटले नाहीत.

आणि मिळतं काय म्हणशील, तर परवाचंच सांगतो. एक मुलगा माझ्या शेऱ्यावर भांडायला आला. बोलता बोलता फळ्यापाशी गेला, दोन ओळी लिहिल्या आणि थांबला. चूक माझी निघाली, तीही वीस वर्षांपूर्वी छापलेल्या निबंधातली. आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू? मग आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत तिथेच उभे होतो. मी एक मीटिंग बुडवली.

तुला अजून हे मिळालं नसेल, तर कसं मिळणार? प्रकरण टेबलावर पडलंय!

आज दार लाव, फोन बंद कर, पेन हातात घे आणि शेवटच्या पानापर्यंत जा. समासही बघ. झालं की मला फोन कर, कितीही वाजू देत. राजीनाम्याचं त्यानंतर बोलू.

तुझा,
सर