शेतकऱ्याला रास्त भाव आणि पर्यावरणाची काळजी असा दावा करणाऱ्या फेअरट्रेड, रेनफॉरेस्ट अलायन्ससारख्या प्रमाणपत्रांचा खरंच उपयोग होतो का? संशोधन काय सांगतं?

होतो, पण लेबलवरच्या दाव्यांपेक्षा बराच कमी, आणि तोही सगळ्यांना नाही. कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या एकत्रित आढाव्यात प्रमाणित शेतमालाला सुमारे १४ टक्के जास्त भाव मिळाल्याचं दिसलं, त्या मालापासूनचं उत्पन्नही वाढलं. पण कुटुंबाच्या एकूण उत्पन्नात ठोस फरक आढळला नाही, आणि मजुरांची मजुरी तर प्रमाणित ठिकाणी कमीच निघाली. (जाहिरातीत हे कुणी छापत नाही.) जंगलाचं म्हणाल तर २०१८ च्या एका अभ्यासानुसार इंडोनेशियात आरएसपीओ (शाश्वत पामतेलासाठीचं) प्रमाणपत्र असलेल्या पामच्या मळ्यांत जंगलतोड ३३ टक्क्यांनी घटली, फक्त त्या मळ्यांत प्रमाणपत्र मिळेपर्यंत जंगल उरलंच होतं थोडं.

असे आकडे वाचताना एक पथ्य पाळा: तुलना कुणाशी केली आहे ते आधी बघा. संघटित, आधीपासून नीट शेती करणारे लोकच बहुधा प्रमाणपत्र घेतात, त्यामुळे त्यांची मूळची चांगली स्थिती प्रमाणपत्राच्या खात्यावर जमा होते. २०११ च्या एका आढाव्यात ३७ पैकी जेमतेम १४ अभ्यासांची तुलना विश्वासार्ह ठरली, आणि फायदा दिसला तो त्यांतल्या ६ मध्ये.