नाशिकमध्ये नवीन फ्लॅटच्या हॉलसाठी ५५ इंची स्मार्ट टीव्ही घ्यावा की ६५ इंची? घेताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला फ्लॅटचं पझेशन मिळतंय, हॉल १० बाय १६ आहे, सोफा लांब भिंतीला लागणार, घरात आईवडील आणि दोन मुलं, आणि ५५ की ६५ इथे गाडी अडलीये. माझं सरळ उत्तर ६५. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पैसे पॅनलवर (म्हणजे पडद्यावर), भिंतीच्या कामावर आणि आवाजावर घाला, स्मार्ट फीचर्सवर नको. ॲप्स स्लो झाली तर पुढे ॲप्स चालवणारी पाच-सहा हजारांची स्टिक टीव्हीच्या एचडीएमआय सॉकेटला लावली की टीव्ही परत पळायला लागतो, पॅनल गेलं तर मात्र जवळजवळ नव्या टीव्हीइतका खर्च सांगतात.

आता ६५ का ते सांगते. सोफा भिंतीला टेकवला की डोकं भिंतीपासून फूटभर पुढे येतं, समोर टीव्ही मिळून अर्धा फूट जातो, म्हणजे तुमच्या १० फुटांत खरं अंतर साधारण साडेआठ फूट राहतं. फोरके, म्हणजे खूप बारीक चित्राच्या टीव्हीसाठी अंतर स्क्रीनच्या तिरक्या मापाच्या सव्वा ते दीडपट असलं की चांगलं, थोडं जास्त झालं तरी चालतं. ६५ ला ते पावणेसात ते आठ-साडेआठ फूट येतं. ५५ ला ते पावणेसहा ते सातच्या आसपास, त्यामुळे साडेआठ फुटांवरून ५५ बघताना फोरकेचे जे पैसे दिले त्यातला बराचसा बारकावा डोळ्याला कळतच नाही. ७५ चा मोह होईल, पण तो जवळजवळ साडेपाच फूट रुंद असतो, १० फुटी हॉलमध्ये मला तरी ते जास्त वाटतं.

तुमच्याकडे अजून पीओपी आणि रंग व्हायचाय ना, मग टीव्ही घ्यायच्या आधी हे करून घ्या, कारण नंतर भिंत फोडायला जीव होत नाही. ६५ इंची टीव्ही १४४-१४५ सेंटिमीटर रुंद आणि ८१-८३ सेंटिमीटर उंच असतो. भिंतीवर तेवढा कागद चिकटवा, सोफ्याच्या जागी खुर्ची टाकून बसा आणि बघा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४० इंचांच्या आसपास येतात, टीव्हीचा मध्य तिथेच हवा, म्हणजे खालची कड साधारण २४-२५ इंचांवर. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन सवयीने पॉइंट पाच फुटांवर काढून ठेवतो, मग टीव्ही वर जातो आणि म्हाताऱ्या माणसांना मान वर करून सिरीयल बघावी लागते. आमच्या सासूबाईंना मानेचा त्रास आहे म्हणून मी हे मुद्दाम खाली घ्यायला लावलं आणि त्यांना खूप बरं पडलं. प्लगचे पॉइंट टीव्हीच्या मागे झाकले जातील असे घ्या, आणि टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत दीड-दोन इंची पाइप कन्सील करून ठेवा, एक इंची पाइपात एचडीएमआयचं टोक वळणाला अडकतं. राउटरपासून एक लॅन वायर (इंटरनेटची केबल) पण टाकून घ्या, बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं पण फोरके स्ट्रीमिंगला ते भरपूर होतं आणि दोन भिंतींपलीकडच्या वायफायची कटकट मिटते.

भिंत कसली आहे तेही बिल्डरला विचारा. नव्या बिल्डिंगमध्ये बरेचदा सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक असतात, त्यात साधे प्लास्टिकचे गिट्टे नीट धरत नाहीत, आणि ६५ इंची टीव्ही वीसेक किलोचा असतो. ब्लॉकसाठीचे वेगळे लांब अँकर मिळतात, ते स्वतः आणून ठेवा, कंपनीचा माणूस त्याच्या पिशवीतलेच लावून जाईल.

पॅनलचं बोलायचं तर ओएलईडी प्रकाराचं चित्र सुंदर असतं, प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः प्रकाश देतो म्हणून काळा खरोखर काळा दिसतो. पण तुमचे वडील दिवसभर बातम्या बघतात असं तुम्हीच लिहिलंय, आणि मराठी न्यूज चॅनेलवर ती खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्‌तास एकाच जागी असतो, ओएलईडीवर अशा गोष्टींचा डाग कायमचा उमटू शकतो. म्हणून तुमच्या घरासाठी मी क्यूएलईडी किंवा बजेट बसलं तर मिनी एलईडी म्हणेन. क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच, फक्त बॅकलाइटसमोर क्वांटम डॉट म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा थर असतो त्याने रंग खुलतात, आणि मिनी एलईडीत मागचा प्रकाश खूप बारीक बारीक दिव्यांचा असतो. त्यातही व्हीए आणि आयपीएस असे दोन प्रकार, व्हीएमध्ये काळा छान पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात, आयपीएसचं उलट. तुमचा हॉल १६ फूट लांब आहे, टोकाला डायनिंग असणार, तिथून कोणी ना कोणी बघणारच, तर दुकानात प्रत्येक टीव्हीच्या एकदम बाजूला जाऊन उभं राहा, पेपरवरच्या आकड्यांपेक्षा हे जास्त कळतं.

आणि दुकानात त्यांचा डेमो व्हिडिओ बघून काही ठरवू नका. कॉलेज रोडला किंवा महात्मा गांधी रोडला जाल तेव्हा सेट-टॉप बॉक्सवरचं साधं मराठी चॅनेल लावायला सांगा. एसडी म्हणजे एचडी नसलेल्या साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ चं आणि फोरके स्क्रीन ३८४० बाय २१६०, म्हणजे एका पिक्सेलचे वीस करून ताणायचे, मग चेहरे पुसट दिसतात आणि घरचे म्हणतात एवढे पैसे घालून जुनाच टीव्ही बरा होता. कुठलं मॉडेल हे काम बरं करतं ते असंच कळतं. घरी आल्यावर डीटीएचच्या पॅकमध्ये झी मराठी, स्टार प्रवाह वगैरे जी रोजची आहेत ती एचडी करून घ्या, फरक जमीन-अस्मानाचा पडतो.

किमतीचं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. पण म्हणून किंमत दहा टक्के कमी होत नाही, १२८ चे ११८ झाले म्हणजे पावणेआठ टक्के, जुन्या किमतीशी तुलना करताना हे धरा. ऑनलाइन स्वस्त पडेलही, पण आधी त्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे का ते बघा. आमच्या शेजाऱ्यांनी एक स्वस्तातला घेतला, बिघडल्यावर माणूस बाहेरगावाहून यायचा, मेसेज करून करून ते थकले.

घरी लागल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जा. स्टोअर मोड असेल तर होम मोड करा, व्हिव्हिड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळ्याला शांत वाटतं. पिक्चर बघताना मोशन स्मूदिंग बंद करा, एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी अशी नावं आहेत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो, म्हणून चांगला सिनेमा सिरीयलसारखा दिसायला लागतो. क्रिकेटला चालू ठेवलं तरी चालेल.

दुसरं म्हणजे तुम्ही काय बघता याची माहिती बरेच टीव्ही गोळा करतात, हे मला मनापासून खटकतं. अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ कंपनीला याच प्रकरणात २२ लाख डॉलर भरावे लागले होते. सॅमसंगमध्ये व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस आणि एलजीमध्ये लाइव्ह प्लस हे पर्याय शोधून बंद करा, सुरुवातीला सगळं ओके ओके करत जाऊ नका, घरात मुलं आहेत. मुलांचं वेगळं प्रोफाइल आणि पिन पण त्याच दिवशी करून टाका, नंतर राहून जातं.

आवाजासाठी दहा-पंधरा हजार आधीच बाजूला ठेवा. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, म्युझिक दणदणीत पण संवाद कळत नाहीत, आणि ज्येष्ठांना नेमके संवादच हवे असतात. साउंडबार घ्या, मध्ये वेगळा सेंटर स्पीकर असलेला मिळाला तर उत्तमच, आणि तो ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला जोडा म्हणजे एकाच रिमोटवर आवाज चालतो. सासरे आता आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी ठेवतात आणि तरी त्यांना सगळं ऐकू येतं, घरातली रोजची कुरबुर त्याने थांबली.

वीजबिलाची फार चिंता नको, सव्वाशे वॅट धरलं तर रोज पाच तासांना महिन्याला १८-१९ युनिट. चिंता आकाशातल्या विजेची करा, मे महिन्यात वळवाचा पाऊस कडकडाट करत येतो तेव्हा प्लग काढाच आणि डिशची केबल पण काढा, धक्का तिच्यातूनही येतो. सर्ज प्रोटेक्टर लावणार असाल तर आधी अर्थिंग तपासून घ्या, त्याशिवाय तो नीट काम करत नाही. दिवाळीच्या साफसफाईत स्क्रीनवर काचेचा स्प्रे मारू देऊ नका, कोरडं मायक्रोफायबरचं कापड पुरतं.

डिलिव्हरीच्या आधी लिफ्टचं आतलं माप घ्या, ६५ चा बॉक्स टीव्हीपेक्षाही मोठा असतो आणि लहान लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याने आणायचा तर दोन माणसं लागतात आणि बॉक्स उभाच ठेवायचा, आडवा टाकला तर पॅनलला चीर जाऊ शकते. समोर उघडून चालू करून बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका, उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, आणि फुटका निघून कोणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.